निर्व्यसनी म्हणविणाऱ्यांचा मुखरोग

जो विडी ओढीत नाहीं व मद्यास शिवत नाहीं, त्यास आपण निर्व्यसनी म्हणतों. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. त्या अवधींत त्यासही हीच पदवी मिळाली होती. मात्र दप्तराशेजारीं सुपारीची डबी असे, आणि सातबाराचे उतारे लिहितांना गालांत खांड असे. तिची गणना व्यसनांत कोणीं केली नाहीं. लेखकानेंही केली नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं जिभेस तिखट सोसेना व घांस घेण्यापुरतें तोंड उघडेना. उष्णता झाली असें समजून गुलकंद व तूप यांवर आठ महिने घालविले. पुढें गालांत व्रण पडला, तेव्हां डॉक्टरांकडे जाणें झालें. त्यांनीं आपलींच तीन बोटें एकावर एक धरून दांतांमध्यें घालण्यास सांगितलें. दोनही जाईनात. “मी विडी कधींही ओढिली नाहीं,” असें म्हणतांच त्यांनीं “मग चघळतां काय?” एवढेंच विचारिलें. व्रणाचा कण तपासणीस गेला व कर्करोग ठरला. तो पसरला नव्हता म्हणून शस्त्रक्रियेनें निभावलें. आठ महिन्यांचे सोळा झाले असते, तर हा लेख लिहिण्यास लेखक उरला नसता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तंबाखूवांचून नुसती सुपारीही मनुष्यास कर्करोगकारक आहे, असा निर्णय २००४ सालीं प्रसिद्ध केला. सुपारींतील आरेकोलीन नामक द्रव्यामुळें गालाच्या अस्तराखालीं तंतू दाटतात, गाल ताठरतो, आणि अशा गालांत कर्करोग उद्भवण्याचा संभव वाढतो. श्रीवर्धनकडील बागाइतदार बंधूंस हें रुचणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु पिकाचा भाव व खाणाराचा जीव हीं दोन खातीं निराळीं ठेविलीं पाहिजेत.

दुसरी गोष्ट मिश्रीची. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखूच होय. धूर घेतला नाहीं म्हणून दोष नाहीं, असा घरोघर समज आहे; परंतु भाजल्यानें तंबाखूचें विष जात नाहीं. आईचें पाहून मुलगी मिश्री लावूं लागते, आणि संवय पिढीजात होते.

कांहीं रोग्यांस यांपैकीं कांहींच संवय नसते. ह्यूमन पॅपिलोमा नांवाच्या विषाणूनेंही टॉन्सिल व जिभेचें मूळ या ठिकाणीं कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांत हा प्रकार विशेष आढळतो. तेव्हां निर्व्यसनी मनुष्यानेंही लक्षणांकडे दुर्लक्ष करूं नये.

तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, मानेंत न दुखणारी गांठ, बसलेला आवाज, गिळतांना होणारा त्रास अथवा कारणावांचून हालणारा दांत, यांपैकीं एकही आढळल्यास सुगी आटोपण्याची वाट पाहूं नये. कणसावर काणी दिसतांच आपण शेतांत धांवतों. स्वतःच्या तोंडाविषयीं तेवढी तरी तत्परता असावी.

शस्त्रक्रियेनंतर घरीं येतांच लेखकानें सुपारीची डबी उकिरड्यावर टाकिली. कुटुंबानें कांहीं न बोलतां आपली मिश्रीची डबी तिच्याशेजारीं ठेविली. दुसऱ्या दिवशीं आम्हीं उभयतांनीं बॅटरीच्या उजेडांत एकमेकांचीं तोंडें पाहिलीं. वाचकांनींही आज घरीं एवढें करावें, हीच विनंती.