फराऱ्याचा काठ

बोरगावचं शेवटचं घर मागं पडतं आणि वाट थेट उसात शिरते. दोन्ही अंगांना डोक्याहून हातभर उंच आडसाली ऊस, वर आभाळाची चिंचोळी पट्टी, पायाखाली करकरणारं पाचट. मी कवठे महांकाळचा. आमची अग्रणी वर्षातला बराच काळ कोरडी असते, आणि दंडोबाच्या डोंगरावरून माळावर चाललेला माणूस लांबूनही स्पष्ट दिसतो. इथं चार हातांवरचा दिसत नाही. बापू बिरू वाटेगावकर पंचवीसेक वर्षं पोलिसांना हुलकावणी कसा देत राहिला, याचं निम्मं उत्तर ही वाटच देते आहे.

बापू याच गावचा. धनगराचा मुलगा, तालमीत घुमलेला पैलवान. गावाला छळणाऱ्या एका गुंडाचा त्यानं खून केला आणि तो फरार झाला. पुढं त्याच्या नावावर आणखी खून लागले. तो फरार असतानाच शाहिरांनी त्याच्यावर पोवाडे रचले, तमाशाच्या फडांनी वग उभे केले. सिनेमा फार नंतर आला.

ऊस संपतो आणि कृष्णा समोर येते. काठाला करंज, बाभळी, जांभळं, एक जुनं उंबर. खाली मळीच्या जमिनीत वांगी लावलेली आहेत. पाणी संथ, हिरवट; खंड्या सूर मारतो आणि रिकामाच परततो. करंजाखाली एक आजोबा म्हशी राखत बसलेत. मी त्यांच्याजवळ टेकतो आणि विचारतो, बापूंची लपायची जागा कुठली?

"गुव्हा बघाय आलाय व्हय? गुव्हा न्हाई हितं," ते म्हणतात. "आज ह्या फडात, उद्या त्या वस्तीवर. तोड आली की जागा बदलायची."

बोलणं चाललेलं असतानाच पलीकडून कोयत्यांचा आवाज येतो. बीडकडची टोळी फडात उतरली आहे. बाया मोळ्या बांधताहेत, ट्रॉली अर्धी भरली आहे. काल जिथं आत नजर शिरत नसेल, तिथून आता थेट नदी दिसते. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. पण गळीत हंगाम सुरू झाला की एकेक फड उघडा पडतो. फराऱ्याला कुठला फड कधी तुटणार हे ठाऊक हवं, आणि ते सांगणारा शेतकरी आपला हवा.

"भाकरी कोण द्यायचं, आजोबा?"

"कोण न्हवतं देत?" आजोबा एवढंच म्हणतात आणि उठून म्हशी वळवायला जातात.

उत्तराचा उरलेला निम्मा भाग हा आहे. नुसत्या उसानं कुणी इतकी वर्षं झाकला जात नाही.

काठानं बहेकडं निघतो. याच बहे-बोरगावात 3 ऑगस्ट 1900 रोजी नाना पाटलांचा जन्म झाला. 1942 नंतर इंग्रजांच्या लेखी तेही फरारीच होते. त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस होतं, आणि तरी त्यांचं प्रतिसरकार इथल्या गावागावांत न्यायनिवाडे करत होतं. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. बापूंना मी नानांच्या ओळीत बसवणार नाही. नानांच्या मागं चळवळ होती, शिस्त होती, देशाचा प्रश्न होता. पण रात्री दार वाजलं की कडी काढून भाकरी पुढं करण्याची रीत या काठाला बापूंच्या आधीपासून होती, हे विसरून चालणार नाही.

झाडी दाट होते. नदी दुभंगते आणि मधे रामलिंगाचं बेट येतं. पावसाळा सरलेला असल्यानं बेटावर चालत जाता येतं. रामाच्या देवळामागं समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उभा आहे. राम शिवलिंगाची पूजा करत असताना कृष्णेला पूर आला, मारुतीनं दोन्ही हात पसरून प्रवाह अडवला आणि बेट झालं, अशी कथा. चिंचेखाली तीन पोरं मोबाइलवर बापूंचा पोवाडा ऐकताहेत. त्यातली कुऱ्हाड त्यांना आवडते. पुढचं त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही, म्हणून मी सांगतो: बापू पकडले गेले, जन्मठेप भोगली, सुटल्यावर गळ्यात माळ घातली, गावोगाव फिरून पोरांना व्यसन आणि मारामारी सोडा म्हणून सांगत राहिले. जानेवारी 2018 मध्ये गेले.

कायदा गरिबाच्या दारापर्यंत पोचला असता तर या काठाला बापू लागले नसते, असं माझं ठाम मत आहे. खून हा खूनच. पण भाकरी देणाऱ्यांनी ती कुणाच्या धाकानं आणि कुणाच्या आशेनं दिली, हे पोवाड्यात फारसं येत नाही. ते सांगू शकणारी माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. वाळव्यात, शिराळ्यात, आमच्या कवठ्यात तुमच्या घरी अशी आजी असेल, तर तिच्याजवळ बसा आणि तिचं बोलणं लिहून घ्या.