केन्याटा, जोमो : समेट व विकासविषयक विचार

केन्याटा, जोमो : (? – २२ ऑगस्ट १९७८). पूर्व आफ्रिकेतील केन्याचा पहिला पंतप्रधान (१९६३-६४) व पहिला अध्यक्ष (१९६४–७८). गत वैर विसरून आफ्रिकी, यूरोपीय व आशियाई रहिवाशांनी एकत्र येऊन राष्ट्र उभारावे, हे त्याच्या स्वातंत्र्योत्तर विचारांचे मुख्य सूत्र होय.

केन्यातील वैराच्या मुळाशी जमीन होती. पठारावरील सुपीक प्रदेश ब्रिटिशांनी गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवल्याने किकूयू जमातीची अनेक कुटुंबे भूमिहीन झाली आणि त्यातून माऊ माऊ उठाव उद्‌भवला. २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारून सरकारने केन्याटास पकडले. उठावाचा सूत्रधार ठरवून त्याला कापेंगुरिया येथील न्यायालयाने सात वर्षांची सक्तमजुरी दिली. हा आरोप पुढे बहुतेक इतिहासकारांनी अमान्य केला. ऑगस्ट १९६१ मध्ये त्याची सुटका झाली, तेव्हा तो सूड घेईल अशी गोऱ्या वसाहतवाल्यांना धास्ती होती. १२ ऑगस्ट १९६३ रोजी नाकुरू येथे त्यांच्यापुढे भाषण करताना त्याने परस्परांना क्षमा करण्याचे आवाहन केले व त्यांनी देशात राहून शेती उत्तम करावी, असे सांगितले. श्रोत्यांचा विरोध मावळला. ब्रूस मॅकेंझी या गोऱ्या शेतकऱ्याकडे त्याने कृषिखातेही सोपविले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचे सफरिंग विदाउट बिटरनेस (कटुतेविना सोसणे) हे नाव या भूमिकेचे द्योतक आहे.

समेटाला आर्थिक बाजूही होती. चहा-कॉफीची निर्यात आणि परकीय भांडवल टिकवावयाचे, तर मालमत्तेचा हक्क अबाधित हवा, असे त्याचे मत होते. म्हणून गोऱ्यांच्या जमिनी जप्त न करता ब्रिटन व जागतिक बँक यांच्या कर्जातून त्या विकत घेण्यात आल्या. दहा लाख एकरांच्या योजनेखाली हजारो कुटुंबांना जमीन मिळाली खरी. परंतु तिची किंमत त्यांना हप्त्यांनी फेडावी लागली. जी भूमी आपल्या पूर्वजांकडून हिरावली गेली असे ते मानीत, तीच त्यांना कर्ज काढून घ्यावी लागली. या विचारसरणीतील हे सर्वांत दुबळे स्थान होय. ‘फुकट काही मिळणार नाही’ या आशयाचा उपदेश केन्याटा वारंवार करी. पण त्याचे आप्त व निकटवर्ती मात्र विस्तीर्ण जमिनींचे धनी झाले.

‘हराम्बे’ (सर्व मिळून ओढू या) हे त्याचे घोषवाक्य. जड ओझे ओढणाऱ्या मजुरांची ही आरोळी राष्ट्रीय ब्रीद बनली. गावकऱ्यांनी वर्गणी व श्रमदान यांतून असंख्य शाळा, दवाखाने उभारले. आफ्रिकी समाजवादाविषयीच्या १९६५ च्या सरकारी निवेदनपत्रिकेने मार्क्सवाद व अनिर्बंध भांडवलशाही ही दोन्ही नाकारली. तथापि ज्या भागात उत्पन्न अधिक येईल तेथे भांडवल प्रथम गुंतवावे, असेही तीत म्हटले होते. साहजिकच मध्य केन्या पुढे गेला व कोरडा उत्तर भाग मागे पडला.

भूमिहीनांची बाजू घेणारा बिल्डाड काग्गिया हा कापेंगुरियातील त्याचा सहआरोपी. त्याची केन्याटाने जाहीर सभेत निर्भर्त्सना केली. गोमंतकीय वंशाचा समाजवादी कार्यकर्ता पिओ गामा पिंटो याची १९६५ मध्ये हत्या झाली. ओगिंगा ओडिंगा याने १९६६ मध्ये स्थापलेल्या विरोधी पक्षावर १९६९ मध्ये बंदी आली. परवाने व वास्तव्य यांविषयीच्या १९६७ च्या कायद्यांमुळे, केन्याचे नागरिकत्व न घेतलेल्या हजारो आशियाई लोकांनी देश सोडला. गोऱ्या जमीनदारास लाभलेली क्षमा टीकाकारांच्या वाट्यास क्वचितच आली.

माऊ माऊ संघटनेवरील वसाहतकालीन बंदी केन्याटाच्या कारकीर्दीत कायम राहिली. ती २००३ मध्ये उठली. त्याच्या अटकेचा दिवस ‘केन्याटा दिन’ म्हणून पाळला जाई. २०१० च्या संविधानाने त्यास ‘माशुजा (वीरांचा) दिन’ असे नाव दिले.