झोप आणि झोपेची धास्ती

कसबा बावड्यात मध्यरात्री जाग येते. मन हिशेब मांडते : ‘पाचच तास उरले, उद्याचा दिवस वाया गेला!’ श्रोतेहो, उरलीसुरली झोप या हिशेबानेच उडते.

झोप किती तास झाली हे घड्याळ सांगेल. पण तिच्याविषयीची आपली समजूत कशी मोजावी? कॅनडातील मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरिन यांनी १९९३ साली त्यासाठी ३० विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. २००७ साली तिचे १६ विधानांचे आटोपशीर रूप आले. ‘आठ तास झोप हवीच’ अशा धर्तीच्या प्रत्येक विधानाला ० ते १० पैकी अंक द्यायचा : मुळीच पटत नसेल तर ०, पूर्ण पटले तर १०. सरासरी जितकी अधिक, तितकी धास्ती मोठी.

मात्र हे रोगनिदान नव्हे. साखर कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याची झोप खरोखरच मोडते. तिला नुसती समजूत म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु समजूत बदलता येते, आणि योग्य मानसोपचाराने हे अंक उतरतात. तेव्हा आज रात्री जाग आलीच, तर घड्याळाकडे पाहू नका.