कॅम्पसचे कायदे – लेखांक ५ : अर्जाची पोच घेतली का?

गेल्या आठवड्यात आपण महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा पाहिला. त्या मानाने आजचा विषय रुक्ष आहे : प्रवेश रद्द करणे. पण कॉलेजच्या ऑफिसशी विद्यार्थ्याचा पहिला खटका उडतो तो बहुधा इथेच.

एका कॉलेजात बीएस्सीला फी भरून ठेवलेली असते आणि पुढच्या यादीत हव्या त्या कॉलेजात नाव लागते. फी परत मागायला गेले की खिडकीतून उत्तर येते, ‘एकदा भरलेली फी परत मिळत नाही.’ बारावीची मूळ गुणपत्रिका मागितली तर, ‘आधी तिन्ही वर्षांची फी भरा.’ पालक हात जोडतात, ओळखी शोधतात. नियम काय आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, ऑक्टोबर २०१८ मध्ये तो स्पष्ट लिहून ठेवला आहे. गुणपत्रिका असो वा शाळा सोडल्याचा दाखला, मूळ कागद विद्यार्थ्यासमोर तपासून लगेच परत द्यायचे आणि स्वसाक्षांकित प्रती ठेवायच्या. परतावा ठरतो प्रवेशाच्या जाहीर झालेल्या अंतिम तारखेवर. तिच्या किमान १५ दिवस आधी अर्ज केला तर पूर्ण फी. त्यातून प्रक्रियाशुल्क म्हणून जास्तीत जास्त पाच टक्के, तेही ५,००० रुपयांच्या आतच कापता येते. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटल्यावर पहिल्या १५ दिवसांत ८० टक्के, तिसाव्या दिवसापर्यंत ५० टक्के आणि पुढे शून्य. अनामत रक्कम मात्र पूर्ण परत. अर्ज मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे आहेत. काही वर्षी आयोग याहून उदार पत्रक काढतो : २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण परतावा होता. त्यामुळे चालू वर्षाचे पत्रक आधी बघावे. सीईटीमार्फत होणाऱ्या व्यावसायिक प्रवेशांचे रद्द करण्याचे नियम वेगळे असतात, ते माहितीपुस्तिकेत मिळतील.

हे सगळे हिशेब अर्जाच्या तारखेपासून सुरू होतात, आणि विद्यार्थी हरतो तो इथे. तो तोंडी विचारतो, ‘साहेब आले की या’ ऐकून परततो, पुन्हा जातो. ९० टक्क्यांचे ५० टक्के होतात आणि त्याच्या हातात पुरावा म्हणून चिटोराही नसतो. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्यावी. शिक्का मारायला नकार मिळाला तर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. यात उद्धटपणा काही नाही. एरवी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढणारी मुले नेमकी इथे का संकोचतात, मला कळत नाही.

तरीही दाद मिळाली नाही, तर २०२३ च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक कॉलेजसाठी विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिने कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येते. तिथेही पहिला प्रश्न कागदाचाच असतो. खोडसाळ तक्रार ठरली तर तक्रारदारावर कारवाईची शिफारसही लोकपाल करू शकतो, हे विसरू नये.

आता विद्यार्थ्याच्या बाजूचे. दोन कॉलेजांत फी भरून ‘बघू नंतर’ म्हणत बसणाऱ्यांची संख्या थोडी नाही. तुम्ही अडवलेली ती जागा प्रतीक्षायादीतल्या कोणाची तरी असते, कदाचित त्याच्या तालुक्यातल्या एकमेव अनुदानित तुकडीतली. शेवटची यादी लागून गेल्यावर तुम्ही प्रवेश रद्द केलात, तर तुमचे ५० टक्के तरी परत येतात. त्याने मात्र तोवर विनाअनुदानित वर्गाची दुप्पट-तिप्पट फी भरलेली असते, नाहीतर वर्षच सोडलेले असते. दुसरीकडे नाव लागले की त्याच दिवशी पहिल्या कॉलेजला लेखी कळवा.