लपायला नुसतं झुडूप पुरत नाही

लपतछपत खेळायच्या गेममधलं मुख्य काम थांबण्याचं असतं, हे न खेळणाऱ्याला सांगून पटत नाही. २०१६ सालचा 'असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : इंडिया' घ्या. काळ १८४१चा, एका बाजूला शीख दरबार, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, आणि मध्ये अरबाज मीर नावाचा नायक. प्रत्येक पहारेकऱ्यापुढे त्याच्या नजरेचा पट्टा टॉर्चच्या उजेडासारखा रंगवलेला असतो. तो वळला की पट्टाही वळतो. नायक धावला तर पावलांचा आवाज जिथवर पोचेल तिथवर वर्तुळ उमटतं. खेळणारा आडोशाला उभा राहून नुसता मोजत असतो. हा इतकी पावलं जातो, थांबतो, फिरतो. शिट्टी वाजवली तर हा इकडे येईल, पण त्या वेळी दुसऱ्याची पाठ कुठे असेल? दोन-तीन फेऱ्या पाहण्यातच जातात, मग दोन सेकंदांत अंगठा हलतो आणि काम होतं. चुकलं तर मागच्या चेकपॉइंटवर परत, आणि तोच पहारेकरी पुन्हा तेवढीच पावलं टाकत येतो. गेमचा सगळा प्रामाणिकपणा या ठरावीक पावलांत आहे, आणि माझ्या मते त्याची मोठी उणीवही तिथेच आहे. लपणं हा जागेचा प्रश्न आहे, असं हे गेम धरून चालतात. चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल आणि तिथला इतिहास, दोन्ही वेगळं सांगतात.

आधी जंगल. दबा धरणं हा शब्द आपण वाघासाठी सहज वापरतो, पण चंद्रपूरच्या ताडोबात दबा धरणं किती अवघड आहे ते उन्हाळ्यात कळतं. सागाची पानं गळून जमिनीवर जाड थर साचतो आणि त्यावर पाऊल पडलं की पापड मोडावा तसा आवाज होतो. म्हणून वाघही जमेल तिथे कच्चा रस्ता किंवा नाल्याची वाळू धरतो. पावसाळ्यात पानं भिजतात, गवत वाढतं आणि हिशेब उलटतो. गेम करणाऱ्यांना एवढं कळलेलं आहे. २०२५च्या 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'मध्ये ऋतू बदलतात आणि हिवाळ्यात तळी गोठली की पाण्यात लपायची सोय जाते. पण जंगलात तिसराही कुणी असतो. वाघ चितळाच्या नजरेआड असतो, वरच्या फांदीवरच्या वानराच्या नसतो. वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळं कान टवकारतात, आणि जिप्सीतला गाइड 'कॉल झाला' म्हणून इंजिन बंद करायला लावतो. वाघाचं लपणं तिथे संपतं. ज्याची शिकार व्हायचीच नव्हती, त्याने ते संपवलेलं असतं.

माणसांच्या बाबतीत हा तिसरा आणखी महत्त्वाचा. मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठला. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याला मिळाला. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला आणि दोन इंग्रज मारले गेले. आज गडचिरोली जिल्ह्यात मोडणारा हा मुलूख डोंगर आणि दाट झाडीचा. कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेला बाबूराव या झाडीत सापडला नाही. मग क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, आणि त्यांच्या माणसांनी बाबूरावाला पकडून दिलं. लक्ष्मीबाईंना खलनायिका ठरवणं सोपं आहे. आपली जमीनदारी धोक्यात आहे हे त्यांना दिसत होतं, हेही खरं. माझा मुद्दा इतकाच की इथे कुणाच्या नजरेचा पट्टा बाबूरावावर पडलाच नव्हता. जंगलाने त्याला शेवटपर्यंत लपवलं होतं.

यावर गेम खेळणारे म्हणतील की नियम डोळ्यांना दिसले नाहीत तर हरणाऱ्याला अन्याय वाटेल. फितुरी अचानक कोसळली तर तो कसला खेळ? हरकत रास्त आहे. पण या मालिकेनेच वाट अर्धी चालून दाखवली आहे. २००७च्या पहिल्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये शिपायांच्या तावडीतून एखाद्या नागरिकाला सोडवलं की काही लोक नायकाच्या बाजूचे होत आणि पाठलाग करणाऱ्यांना धरून ठेवत. २००९च्या दुसऱ्या भागात भिंतीवरची, नायकाला पकडून देण्याची पत्रकं फाडून किंवा दवंडीवाल्याला लाच देऊन बदनामी कमी करता येई. म्हणजे लोकांशी असलेलं नातं नियमांत बसवता येतं. अडचण अशी की तिथे ते पैसे देऊन रिकामा करायचा एक आकडा होऊन बसलं. गाव आपलं राहावं म्हणून काही सोसावं लागतं, गावालाही आपल्यापायी सोसावं लागतं, याचा तिथे पत्ता नाही.

दुसरी हरकत जास्त बोचणारी. ज्या जिल्ह्यात पोलीस आणि नक्षलवादी यांच्या चकमकींत दशकानुदशकं माणसं मेली, तिथल्या झाडीत लपण्याचा खेळ मांडायचा? पण ही हरकत माझ्याच बाजूने बोलते. गडचिरोलीत 'खबऱ्या' हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जातो. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून नक्षलवाद्यांनी आदिवासी गावकऱ्यांना मारलं आहे. लपणाऱ्याची आणि शोधणाऱ्याची किंमत तिसराच मोजतो, हे इथल्या माणसाला गेमने शिकवायला नको. तरीही झुडपात शिरलं की सुरक्षित, असं दाखवणारा गेम त्याच्या अनुभवापुढे बालिश ठरतो, आणि इतिहासाचा वेश चढवल्यावर तर खोटाच.

मराठीत कुणी शेडमाक्यांवर असा गेम करायला घेतलाच, तर नजरेचे पट्टे आणि गवताची उंची ठरवण्याआधी त्याने अहेरीचा प्रसंग लिहून काढावा. तो जमला नाही तर बाकीचं करू नये. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूरावाला चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली, तेव्हा तो पंचविशीत होता.