नवा कॉम्प्युटर घेण्यापूर्वी जुन्याचे दुखणे ओळखा

रमजान ईद झाली की आमच्या घरात लग्नांच्या व्हिडिओंचे काम सुरू होते. भाईजान शूटिंग करतात, धाकटा मिक्सिंग करतो आणि पैशांचा हिशोब अम्मी ठेवतात. गेल्या हंगामात एका निकाहचा व्हिडिओ आम्ही तीन आठवडे उशिरा दिला. मुलीचे वडील रागावले नाहीत. “बेटा, तिची आई रोज विचारते,” एवढेच म्हणत. त्याचीच आम्हाला जास्त शरम वाटली.

आम्ही सगळा दोष कॉम्प्युटरला दिला. दुकानदाराने सव्वा लाखाचा नवा संच सुचवला, हप्त्यांची सोयही सांगितली. अब्बांनी तो कागद परत केला. “व्याजाचा हप्ता घरात नको. आणि मशीन नेमके कुठे अडते, ते तरी आधी बघा.”

मग आम्ही बघायला बसलो. मिक्सिंग चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यातल्या परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड किती राबते, ते दिसते. आमची १६ जीबी रॅम जवळजवळ भरलेली होती, हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकली होती आणि प्रोसेसर मात्र ४० टक्क्यांवर निवांत होता. रॅम भरली की विंडोज डिस्कचाच आधार घेते आणि आमची हार्ड डिस्क तर आधीच धापा टाकत होती. सव्वा लाखाचा प्रोसेसरही तिथे वाटच पाहत बसला असता.

हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते, साधी एसएसडी ५५० पर्यंत, तर एनव्हीएमई एसएसडी तीन हजारांच्याही पुढे जाते. आमच्या बी४५० मदरबोर्डवर तिची जागा रिकामीच होती. रॅम १६-१६ ची जोडी घेऊन ३२ जीबी केली. बोर्ड डीडीआर४ चा असेल तर डीडीआर५ रॅम त्यात बसतच नाही, म्हणून दुकानात जाताना बोर्डाचे नाव लिहून न्यावे.

आमचा रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर तूर्त तसाच ठेवला. बायोस अपडेट केल्यावर याच बोर्डवर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स चालतो. ते पुढच्या वर्षी पाहू. बायोस अपडेट करताना वीज जाता कामा नये, म्हणून यूपीएस हवाच. ग्राफिक्स कार्ड घ्यायचे झाले, तर पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते आधी तपासावे.

शेजाऱ्याची यादी मात्र जशीच्या तशी उचलू नये. ब्लेंडरमध्ये थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड आणि त्याची स्वतःची मेमरी महत्त्वाची. ऑटोकॅडमध्ये नकाशे काढणाऱ्याला एकेका कोअरचा वेग जास्त उपयोगी.

या सगळ्याआधी अम्मींनी एक खर्च करायला लावला, तो बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कचा. लोकांचे शूटिंग आपल्याकडे अमानत असते. निकाह पुन्हा होत नाही. आता प्रत्येक लग्नाची एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी त्या डिस्कवर आणि तिसरी खालाजानच्या घरी असते. व्हिडिओ पोहोचल्याचा निरोप येईपर्यंत एकही पुसत नाही.

हे सारे सव्वा लाखाच्या तिसऱ्या हिश्श्यात, रोख पैशांत झाले. तयार व्हिडिओ बाहेर काढायला वेळ पूर्वीपेक्षा थोडाच कमी लागतो, कारण ते काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाचे. पण मिक्सिंग करताना पडदा गोठत नाही, आणि आमचे दिवस वाया जात होते ते तिथेच.

घरातून असा व्यवसाय करणाऱ्यांनी दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: काम कोणते, मशीन कुठे अडते, बोर्डावर काय बसते आणि हातात रोख किती. आमचा कागद अजून कॉम्प्युटरशेजारी चिकटवलेला आहे. यंदाचा पहिला व्हिडिओ, अल्हम्दुलिल्लाह, आम्ही दहाव्या दिवशी पोहोचवला.