वर्तकनगरची हंडी आणि स्पेनचा मनोरा



आडसाली लागणीची धांदल उरकते न उरकते तोच गोकुळाष्टमी येते. आपल्या गटांतील बरीच पोरे नोकरीधंद्यानिमित्त ठाणे-कल्याणकडे आहेत. ती सणाला गावी आली की हंडीच्या गोष्टी निघतात, आणि त्यांत ठाण्याच्या वर्तकनगरचे नाव हटकून येते. म्हणून यंदा खतपाणी थोडे बाजूला ठेवून त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

वर्तकनगरात संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या हंडीला 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले. उंची भरली 43.79 फूट. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. त्याआधीचा नऊ थरांचा विक्रम होता 1981 सालचा, आणि तो होता स्पेन देशातला! पुढे 2025 साली याच प्रतिष्ठानच्या हंडीला कोकणनगर पथकाने दहा थर लावले.

आता स्पेनमध्ये कुठली आली दहीहंडी, असे कोणी विचारील. हंडी नाही, पण मनोरे आहेत. त्या देशाच्या कॅटलोनिया प्रांतात व्हाल्स नावाचे गाव आहे. त्या भागात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसावर माणूस उभा करून मनोरे रचतात. 2010 साली युनेस्कोने या परंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. ही कॅटलान मंडळी मध्यंतरी ठाण्याच्या दहीहंडीला येऊन मनोरेही रचून गेली. त्यांना मराठी येत नाही, आपल्या पोरांना त्यांची भाषा येत नाही. पण खांद्यावर पाय कुठे ठेवायचा, हे सांगायला दुभाषी लागत नाही. दोन देशांची पोरे एका मैदानात आली, की एकमेकांचे बघून शिकतात. आमच्या मते या गाठीभेटींचा खरा लाभ हाच.

शिकण्यासारखे काय, ते सांगतो. पहिली गोष्ट बुडाची. उंच वाढलेला ऊस वाऱ्यात लोळू नये म्हणून आपण मोठी बांधणी करतो. तशीच त्यांची बांधणी म्हणजे खालची गर्दी. मोठ्या मनोऱ्याला शेकडो माणसे बुडाशी एकमेकांना रेटून उभी असतात. त्यांत म्हातारी माणसे, बायाबापड्याही असतात. ती मनोऱ्याला आधार देतात, आणि कोणी पडलाच तर त्याला झेलतात.

दुसरी गोष्ट कमरेची. प्रत्येकजण कमरेला लांब पट्टा आवळून गुंडाळतो. त्याने पाठीला आधार मिळतो, आणि वर चढणाऱ्याला पाय रोवायला जागा होते. बाजूला सनईसारखे वाद्य वाजते. त्या सुरावरून, मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसालाही कळते की मनोरा कुठवर आला.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. त्यांच्याकडे मनोरा वर गेला की काम निम्मे झाले. सगळे थर नीट खाली उतरले तरच तो पुरा धरतात. 1998 च्या नोव्हेंबरात विलाफ्रांकाच्या पथकाने दहा थरांचा मनोरा चढविला, पण उतरविताना तो कोसळला. आठवड्याने तेरासाच्या पथकाने तसाच मनोरा चढवून सुखरूप उतरविला. पुऱ्या मनोऱ्याचा पहिला मान तेरासाकडे गेला.

आपल्याकडे हंडी फुटली की टाळ्या, गुलाल आणि घसरगुंडी. हात-पाय मोडतात ते बहुतेक अशा कोसळण्यात. दरवर्षी गोविंदा जखमी होऊन दवाखान्यात जातात, आणि एखाद्या घरचा कर्ता पोरगा कायमचा अंथरुणाला खिळतो. त्या घराचा ऊस मग कोणी बघायचा? बक्षिसाची रक्कम दवाखान्यालाही पुरत नाही.

तिकडेही चुका झाल्या. 2006 साली मनोऱ्यावरून पडून एक मुलगी दगावली. तेव्हापासून वरच्या लहान मुलांच्या डोक्याला हेल्मेट आले. आपल्याकडे 14 वर्षांखालील पोरांना थरावर चढवायचे नाही, असे 2017 साली मुंबई उच्च न्यायालयात ठरले. 2022 साली शासनाने या खेळाला साहसी खेळाचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, आता शिस्त आपण आणायची.

तेव्हा मंडळी, यंदा गावच्या हंडीला एवढे करा. चौदाच्या आतले पोर वर चढवू नका. वरच्या थरांना हेल्मेट द्या. आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी सराव सुरू करा, आणि चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव करा. दारू प्यालेल्याला बुडाशीसुद्धा उभा करू नका. वडीलधाऱ्यांनी ओट्यावर बसून बघण्यापेक्षा खाली रेटा द्यायला यावे.

पावसाळ्यात गळीत बंद असते, गाडीतळ मोकळाच पडलेला असतो. सरावाला जागा हवी असेल तर आपापल्या गट ऑफिसात सांगावे. माती भुसभुशीत करून देण्याची व्यवस्था आम्ही बघू.